शेवटचे बरे केव्हा पाहिले?

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले, की तुळशीपुढे कारीट फोडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मगच फराळाच्या ताटाकडे वळायचे, ही आपल्याकडली जुनी रीत. लहानपणी मला ती मुळीच पटत नसे. समोर चकल्या-करंज्यांचे ताट मांडलेले, आणि आधी हे काय! आज दिवाळी अंकासाठी दुखण्याबहाण्याचा विषय घेऊन बसले, तेव्हा मला त्या कारिटाची आठवण झाली. वर्षभर या सदरातून मी तुमच्याशी शब्दांविषयी, म्हणींविषयी, वर्गातल्या गमतीजमतींविषयी बोलत असते. यंदा मात्र थोडे कडू बोलणार आहे. एकदा जीभ लावा, आणि मग खुशाल फराळाला बसा.

गोष्ट २०१५ सालच्या दिवाळीतली, आणि आमच्याच घरातली. माझ्या सासूबाईंना घरीदारी सगळे माई म्हणत. वय ६९, रक्तदाबाची एक गोळी सोडली तर औषधाचे नाव नाही. घरातला बंब जाऊन गीझर आला, तरी दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला सर्वांच्या आधी उठायचा मान त्यांनी कुणाला दिला नव्हता. उटणे त्याच भिजवणार, तेल त्याच कोमट करणार, आणि मग एकेकाला नाव घेऊन उठवणार. त्या पहाटे त्या माझ्या धाकट्या मुलाच्या पाठीला तेल लावीत होत्या. तेवढ्यात उटण्याची वाटी त्यांच्या हातून निसटून खाली पडली.

मी स्वयंपाकघरातून विचारले, “काय झालं, माई?”

त्या काहीतरी म्हणाल्या. काय, ते मला कळले नाही. मुलगा मात्र खुदकन हसला. “आई, बघ ना, आजी कशी बोलतेय! आणि वाकडी हसतेय!”

तो तेव्हा सात वर्षांचा होता. त्या दिवशी आमच्या घरात बिनचूक पाहिले ते त्या एकट्याने. आम्ही मोठी माणसे पडलो शहाणी! “पहाटेपासून उपाशी आहे, पित्त उसळलं असेल,” असे ह्यांचे मत पडले. “काल रात्री अकरापर्यंत अनारसे तळत होत्या, दमल्यात,” असे मी म्हटले. शेजारच्या काकू धावून आल्या. त्यांनी कांदा फोडून हुंगवला. मी लिंबाच्या सरबताचे दोन चमचे पाजले, तर माईंना ठसका लागला. तेव्हा सर्वानुमते ठरले, की त्यांनी जरा पडावे. त्या पडल्या. घरात पाहुणे आले, फराळ झाला, मुलांनी फुलबाज्या लावल्या. मध्ये दोनदा मी खोलीत डोकावले. माई शांत झोपल्या होत्या. “झोपू देत, तेवढाच आराम,” असे म्हणून मी दार हलकेच ओढून घेतले. ते दार ओढल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

नऊ वाजता चहा घेऊन गेले, तेव्हा त्यांचा उजवा हात उचलत नव्हता.

नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना दिवाळीमुळे बंद. मग गाडीत घालून जवळच्या एका रुग्णालयात नेले. तिथे मेंदूची तपासणी करणारे सीटी स्कॅनचे यंत्र नव्हते. तिथून दुसरीकडे. तिथे पोचेपर्यंत सव्वाअकरा झाले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो हा : “यांना शेवटचं बरं कुणी पाहिलं? आणि केव्हा?”

आम्ही तिघे होतो आणि तीन उत्तरे दिली. हे म्हणाले, “नऊ वाजता लक्षात आलं.” नणंद म्हणाली, “रात्री चांगली जेवली होती.” मी म्हटले, “पहाटे वाटी पडली.”

“पहाटे म्हणजे किती वाजता?”

घड्याळाकडे कुणीच पाहिले नव्हते. मुहूर्ताला मिनिटे मोजणारी माणसे आम्ही. पण ते एक मिनिट आम्हांला सांगता येईना. पाच वाजले असावेत, असा अंदाज मी केला. त्या बाईंनी मान हलवली आणि मग शांतपणे सगळे समजावून सांगितले. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून हा झटका आला, की ती विरघळवण्याचे इंजेक्शन असते. पण लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत ते द्यावे लागते, आणि त्याआधी स्कॅन काढून हा रक्तस्राव नाही ना, याची खात्री करावी लागते. आमचे साडेचार तास सरबतात, कांद्यात आणि आरामात गेले होते. झटक्यावर इलाज झाला नाही, तर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, हा शास्त्रज्ञांनी काढलेला हिशेब मी नंतर वाचला. वाचून बरे वाटले नाही.

माई त्यानंतर जवळजवळ चार वर्षे जगल्या. पाय पुष्कळसा सुधारला, हात थोडा. वाचा मात्र परतली नाही. एकच शब्द उरला : ‘पाणी’. भूक लागली तरी पाणी, दिवा मालवायचा तरी पाणी, नातवाला जवळ बोलवायचे तरी पाणी. समजत सगळे होते. शब्दच तेवढा सापडत नसे. मराठीची एम. ए. झालेली मी, एका शब्दाचे इतके अर्थ स्वरावरून ओळखायला त्यांच्यापाशी शिकले. ही विद्या मला कुणी न दिलेली बरी, असे किती वेळा वाटले!

यानंतरची गोष्ट २०१९ सालची. माईंना जाऊन दोन-तीन महिने झाले होते. एका संध्याकाळी त्याच शेजारच्या काकू धापा टाकीत आल्या. “अगं, चल लवकर! हे काहीतरीच बडबडताहेत. घामानं भिजलेत, हात थरथरतोय, मला ओळखतसुद्धा नाहीत!” यावेळी मी पहिल्यांदा घड्याळ पाहिले. सहा वाजून वीस मिनिटे. मग १०८ ला फोन लावला. काका खुर्चीत कलंडले होते. उजवा हात लुळा पडल्यासारखा दिसत होता. माझ्या पोटात गोळा आला. तेच! तेच पुन्हा!

रुग्णवाहिका आली. खांद्याला पेटी लावलेला एक तरुण जिना चढून आला आणि मला पाहून म्हणाला, “बाई, तुम्ही?” अकरावी-बारावीच्या शास्त्र शाखेत माझ्या मराठीच्या तासाला मागच्या बाकावर बसणारा मुलगा! निबंध कसाबसा एक पान लिहायचा. पुढे त्याने आयुर्वेदाची पदवी घेतली आणि आपत्कालीन सेवेचे प्रशिक्षण घेऊन तो रुग्णवाहिकेवरचा डॉक्टर झाला, हे मला ठाऊकच नव्हते.

तो दारात क्षणभर उभा राहिला. नुसता पाहत. मला त्याचा राग आला. मी ओरडले, “अरे, अर्धांगाचा झटका आहे! बघत काय बसलास? उचल आणि ने!”

“एकच मिनिट, बाई,” तो म्हणाला, आणि खाली बसला. काकांना नाव विचारले. श्वास मोजला, नाडी पाहिली, रक्तदाब घेतला. मग बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घेतले. यंत्रावर आकडा आला ४२. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली, की ती कमी समजतात. ही तर फारच खाली गेली होती. त्याने काकूंना विचारले, “आज जेवले होते?” काकू म्हणाल्या, “संकष्टी आहे ना! चंद्रोदय झाल्यावर सोडणार होते. पण मधुमेहाची गोळी मात्र सकाळी वेळेवर घेतली हो!”

त्याने शिरेतून ग्लुकोज दिले. दहा मिनिटांत काकांनी डोळे नीट उघडले, खोलीभर नजर फिरवली आणि विचारले, “ही एवढी गर्दी कशाला जमलीय?”

काकू रडायला लागल्या, आणि मीही. तरी तो त्यांना रुग्णालयात घेऊनच गेला. काही गोळ्यांचा अंमल पुष्कळ तास टिकतो आणि चढवलेली साखर पुन्हा उतरते, असे त्याने बजावले. जाताना मी सांगितलेली वेळ त्याने कागदावर लिहून घेतली आणि म्हणाला, “बाई, वेळ सांगितलीत ते फार बरं केलंत. इतकं नेमकं कुणी सांगत नाही.” त्याला काय ठाऊक, की ती वेळ पाहायला शिकण्याची काय किंमत आम्ही मोजली होती!

पुढच्या रविवारी मी त्याला चहाला बोलावले. दारात का थांबलास, हे मला विचारायचेच होते. तो हसला. “बाई, अर्धं काम दारातूनच होतं. माणूस बसलाय कसा, श्वासाला जोर लागतोय का, ओठांचा रंग कसा आहे, आमच्याकडे बघतो की नाही, हे पाच-दहा सेकंदांत दिसतं. मग क्रम ठरलेला : श्वासाची वाट मोकळी आहे ना, श्वास चालू आहे ना, नाडी लागते ना. आणि माणूस बरळत असला किंवा बेशुद्ध असला, तर साखर तपासल्याशिवाय पुढं जायचं नाही. कमी साखर हुबेहूब अर्धांगाचं सोंग घेते. काही दुखण्यांवर तिथंच थांबून उपचार करावा लागतो, आणि काही दुखणी एक मिनिटसुद्धा थांबू देत नाहीत. काका पहिल्यातले. तुमच्या माई दुसऱ्यातल्या.”

हे ज्ञान त्याला गाडीबरोबर मिळालेले नाही. त्याच्यामागे मोठा इतिहास आहे. ‘रुग्णवाहिका’ हा आपला शब्द सुरेख आहे; पण त्यात फक्त वाहून नेणे आहे, आणि जगभर फार काळ ती गाडी तेवढेच करीत असे. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात फ्रँक पँट्रिज नावाच्या हृदयरोगतज्ज्ञांना हे खुपले. हृदयविकाराची पुष्कळ माणसे रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचतच नाहीत. मग रुग्णालयानेच त्यांच्या दारी का जाऊ नये? थांबलेल्या वा भरकटलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र त्यांनी १९६६ साली गाडीत बसवले. मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे ते पहिले यंत्र सुमारे ७० किलो वजनाचे होते!

पण मला अधिक भावली ती अमेरिकेतल्या पिट्सबर्गची हकीगत. तिथे त्या काळी आजारी माणसाला न्यायला पोलिसांची गाडी येई, नाहीतर प्रेतयात्रेची व्यवस्था करणाऱ्यांची. पीटर सेफर हे भूलतज्ज्ञ तिथे होते. तोंडाने श्वास देऊन माणूस जगवण्याची रीत शास्त्रशुद्धपणे सिद्ध करणाऱ्यांपैकी ते एक. १९६६ साली त्यांची स्वतःची कोवळी मुलगी दम्याच्या झटक्याने दगावली. त्यानंतर १९६७ साली ‘फ्रीडम हाउस’ नावाची रुग्णवाहिका सेवा तिथे उभी राहिली, आणि तिच्यावरच्या माणसांना शिकवायचे काम सेफर यांनी अंगावर घेतले. कोण होती ही माणसे? हिल डिस्ट्रिक्ट या गरीब वस्तीतले कृष्णवर्णीय तरुण. त्यांच्यातले कितीतरी बेकार होते. काहींचे शाळेचे शिक्षणही पुरे झालेले नव्हते. सुमारे ३०० तासांचे शिक्षण घेऊन हे तरुण रस्त्यावर आणि जिन्यावर असे उपचार करू लागले, की जे तोवर रुग्णालयातच होत. १९७५ साली ती सेवा बंद झाली आणि शहराने आपली स्वतःची सुरू केली. पुढे ‘पॅरामेडिक’ या नावाने जगभर ओळखली गेलेली जी माणसे, त्यांचा एक मूळपुरुष या वस्तीतला आहे. घाबरलेल्या घरात शिरून शांतपणे पाहणे, ही विद्या शिकवली तर साध्या माणसालाही येते, हे त्यांनी दाखवून दिले.

आपल्याकडे १०८ हा क्रमांक प्रथम हैदराबादेत १५ ऑगस्ट २००५ रोजी सुरू झाला. गोव्यात तो २००८ साली आला, आणि महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये. आपल्या राज्यात सुरुवात झाली ती ९३७ रुग्णवाहिकांनी, आणि त्यांचे वैशिष्ट्य असे, की पॅरामेडिकच्या जागी प्रत्येक गाडीवर डॉक्टर नेमला. गाडी हाकणाऱ्याला ते ‘पायलट’ म्हणतात. एवढी सगळी सोय २०१५ च्या दिवाळीत आमच्या फोनच्या तीन आकड्यांवर होती. आणि आम्ही कांदा फोडत होतो.

माझ्या विद्यार्थ्याला मी शेवटी शिक्षकी प्रश्न विचारला : “लोकांची सर्वांत मोठी चूक कोणती?” मला वाटले, तो एखादे घरगुती औषध सांगेल. तो म्हणाला, “बाई, नामं! लोक नामं सांगतात. आम्हांला क्रियापदं हवी असतात.”

मागच्या बाकावरच्या मुलाने माझ्याच व्याकरणाने मला गप्प केले. पण खरे आहे हो! ‘अ‍ॅटॅक आला’, असे आपण फोनवर ओरडतो. कशाचा? आपल्याकडे हृदयालाही अ‍ॅटॅक, मेंदूलाही अ‍ॅटॅक, दम्यालाही अ‍ॅटॅक. ‘गॅस झालाय’, ‘पित्त आहे’, ‘घेरी आली’, ‘फीट आली’, हे शब्द म्हणजे वर्णन नव्हे. ती आपण परस्पर दिलेली निदाने आहेत. आणि निदान एकदा तोंडातून गेले, की माणूस पाहायचा थांबतो. माईंना ‘पित्त’ म्हटले आणि आम्ही त्यांच्या वाकड्या हसण्याकडे पाहिलेच नाही. मुलाला पित्त हा शब्द ठाऊक नव्हता; म्हणून त्याला तोंड दिसले.

तेव्हा वाचकहो, त्याने सांगितलेली क्रियापदे इथे मांडते. ही घरात मोठ्याने वाचून दाखवावीत, अशी माझी विनंती आहे.

पहिली तीन : हसा, उचला, बोला. एकाएकी कुणाचे काही बिनसले, तर त्याला हसायला सांगा. तोंड एका बाजूला ओढले जाते का? दोन्ही हात उचलून धरायला सांगा. एक खाली घसरतो का? एक साधे वाक्य बोलायला सांगा. जीभ अडखळते का? यातले एक जरी झाले, तरी घड्याळ पाहा आणि फोन करा. थोड्या वेळात सगळे पूर्ववत झाले, तरीसुद्धा न्या. ती पुढच्या झटक्याची सूचना असू शकते. खाऊपिऊ काही घालू नका. गिळण्याची ताकद गेलेली असली, तर पाणी श्वासनलिकेत जाते. अ‍ॅस्पिरिनही देऊ नका; आत रक्तस्राव असेल, तर ते घात करते. आणि नुसते जवळचे नव्हे, तर स्कॅनचे यंत्र आणि झटक्यावर उपचार करणारे तज्ज्ञ असलेले रुग्णालय गाठा. आता काही निवडक रुग्णांत नळी घालून गुठळी काढण्याचा उपाय २४ तासांपर्यंतही करता येतो. पण ती सवलत समजून कुणी थांबू नये.

दुसरे क्रियापद : दाबणे. छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखे दाबते, कळ हाताकडे, पाठीकडे किंवा जबड्याकडे जाते, गार घाम सुटतो. तेव्हा सोडा आणि ओवा शोधत बसू नका. बायकांना आणि मधुमेह्यांना पुष्कळदा कळ येतच नाही. नुसता दम लागतो, मळमळते, गळून गेल्यासारखे होते. आपल्या घरातली बाई ‘काही नाही गं, जरा थकलेय’ असे म्हणते, तेव्हा ते तिच्या सहनशीलतेचे वाक्य असते; वैद्यकीय मत नव्हे. अशा माणसाला चालवू नका, जिना उतरवू नका, बसवून ठेवा आणि फोन करा. अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्यायचे का, ते फोनवरच्या डॉक्टरांना विचारा. दुसऱ्याची जिभेखालची गोळी उसनी आणून देऊ नका.

तिसरे : हाक मारणे. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, आणि श्वास नाही, किंवा मधूनच आचके दिल्यासारखा आहे, तर हृदय थांबले असे समजा. ते आचके श्वास नव्हेत. लगेच १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवा, आणि छातीच्या मधोमध तळहात ठेवून जोराने दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि दर वेळी छाती पुरती वर येऊ द्यायची. बाहेरून छाती दाबून रक्त फिरते ठेवता येते, हे अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरी १९६० साली दाखवून दिले गेले. शिकलेला नसाल, तर तोंडाने श्वास द्यायच्या भानगडीत पडू नका, नुसते दाबा. दमलात तर दुसऱ्याला बसवा. पण मदत येईपर्यंत थांबू नका.

फीट आली, तर चप्पल आणि कांदा दोन्ही जागच्या जागी ठेवा. दातांत चमचा घालू नका, हात-पाय दाबून धरू नका. आजूबाजूचे टोकदार सामान बाजूला करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, झटके ओसरले की कुशीवर वळवा, आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांवर झटके चालले, किंवा एकामागून एक येत राहिले, किंवा जन्मात पहिल्यांदाच आले, तर फोन करा.

मधुमेही माणूस घामाघूम होऊन चिडचिडा किंवा भ्रमिष्ट झाला, पण गिळू शकतो आहे, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. गिळता येत नसेल, तर तोंडात काही घालू नका. उपासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. देव कोपणार नाही. आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे, गणपतीला मोदक आवडतात, तेव्हा त्याला साखरेचे महत्त्व कळत असणारच.

दिवाळीची म्हणून आणखी दोन. कढईचे तेल किंवा फटाका यांनी भाजले, तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरा. शाई, हळद, टूथपेस्ट, तूप, बर्फ यांतले काही नको. आणि लाडवाचा नाहीतर चिवड्यातल्या शेंगदाण्याचा घास अडकला, तर माणूस खोकतो आहे तोवर त्याला खोकू द्या. खोकता-बोलता येईनासे झाले, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध पाच जोरदार थापट्या. न निघाले तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर असे पाच हिसके. आणि मदत येईपर्यंत हेच आलटून पालटून. वर्षाच्या आतल्या बाळाचे पोट मात्र कधीही असे दाबायचे नाही. त्याला हातावर पालथे घेऊन पाठीवर थापट्या, आणि मग उताणे करून छातीच्या मधोमध दाबायचे.

हे सगळे आठवले नाही, तरी एक आठवा : फोनवर निदान सांगू नका. काय दिसते आणि किती वाजता दिसले, ते सांगा. आणि पत्ता नीट सांगा. “मारुतीच्या देवळाजवळ या” असे म्हणणारे लोक पुण्यात इतके आहेत, आणि मारुतीही इतके आहेत, की गाडीवाल्याने कुणाकुणाला प्रदक्षिणा घालावी? इमारतीचे नाव, मजला, रस्त्यावरून दिसणारी खूण, एवढे हवे. एकाला फाटकाशी उभे करा. दुसऱ्याला लिफ्ट थोपवून धरायला सांगा. औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून ठेवा. जे काही करायचे नाही, त्याच्यासाठी घरात माणसे पुष्कळ असतात. त्यांना अशी कामे वाटून दिली, म्हणजे सल्लेही कमी होतात.

आमच्या स्वयंपाकघरात दिनदर्शिकेशेजारी आता एक कागद चिकटवलेला आहे. त्याच्यावर आमचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत आहे. कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही, हे मी पाहिले आहे. त्याच्याखाली १०८. आणि त्याच्याखाली माझ्या मुलाच्या हस्ताक्षरात एक ओळ : ‘आधी घड्याळ बघ.’

तो आता मोठा झाला. त्या पहाटेचे त्याला फारसे आठवत नाही, असे तो म्हणतो. मी त्याला एकदाच सांगितले, की तू हसलास ते चुकले नव्हते. तू जे पाहिलेस, ते आम्ही ऐकले नाही, ही चूक आमची. तो काही बोलला नाही. पण तो कागद दुसऱ्या दिवशी त्यानेच लिहिला.

पहिल्या अंघोळीला आता मी उठते. उटणे त्याच वाटीत भिजवते. पडली तेव्हा तिच्या काठाला पोचा आला, तो तसाच आहे. तेल लावताना मी प्रत्येकाला बोलायला लावते. घरच्यांना वाटते, मला गप्पांची हौस. हे तर कधी कधी वैतागतात, “अगं, पाच वाजता काय बोलायचं?” मी म्हणते, काहीही बोला. तुमचे बोलणे नीट ऐकू येते आहे ना, एवढेच मला पाहायचे असते.

कारीट संपले. आता फराळाला बसू या.